सरसेनापती, बी विंग

नवी मुंबईत सरसेनापती शोधायला फार हिंडावं लागत नाही. नेरूळ, सीवूड्स, खारघर, कामोठे, कुठल्याही सेक्टरात रात्री बारा वाजता टॉवरकडे मान वर करून पाहावं. बहुतेक खिडक्या अंधारात, काहींत टीव्हीचा निळा उजेड, आणि एखाद्याच खिडकीत टेबललॅम्पचा पांढराशुभ्र झोत. त्या झोताखाली पन्नाशीचा एक गृहस्थ डोळ्याला भिंग लावून, श्वास रोखून, बोटाच्या पेराएवढ्या माणसाच्या डोळ्यात बुबुळ घालत असतो. बुबुळ जमलं तर ठीक. नाही जमलं तर तो शिपाई जन्माचा तिरळा, आणि गृहस्थ दुसऱ्या दिवशी ऑफिसात घुश्शात.

दिवसा ओळखायचं असेल तर डाव्या अंगठ्याचं नख बघावं. रंग किती पातळ झालाय ते तपासायला आणि ब्रशचं टोक जुळवायला त्याला नखासारखी दुसरी जागा सापडलेली नाही. त्यामुळे ऐरोलीच्या आयटी पार्कात क्लायंटसमोर बसला तरी नखावर कधी शेंदरी, कधी ब्राँझचा ठिपका असतोच. सहकाऱ्यांना वाटतं, साहेब मतदान करून आले. मतदानाची शाई अंगठ्याला लावत नाहीत, हे कुणाच्या लक्षात येत नाही.

सोसायटीत हे नाव पडलं ते वॉचमनमुळे. परदेशातून आलेलं पार्सल हातात देताना त्याने सहज विचारलं, "साहेब, एवढंसं खोकं आणि एवढं जड? आहे काय आत?" साहेब सहीतून मान वर न काढता म्हणाले, "हत्ती. सहा." तेव्हापासून बी विंगचे ते सरसेनापती झाले.

घरात एक जुना वाद आहे, तो असा की ही खेळणी आहेत की नाहीत. वहिनींचं मत लग्नानंतर पहिल्याच महिन्यात पक्कं झालं आणि त्यात आजवर बदल नाही. सरसेनापती दर वेळी शांतपणे समजावतात की ही मापातली मॉडेल आहेत, यामागे अभ्यास आहे. दुर्दैवाने सरकारही वहिनींच्या बाजूचं निघालं. आयात शुल्काच्या यादीत खेळण्यांचं जे ९५०३ क्रमांकाचं शीर्षक आहे, त्यातच लहान मापाची मॉडेलही घातलेली आहेत. २०२० च्या अर्थसंकल्पात खेळण्यांवरचं शुल्क २० टक्क्यांवरून ६० टक्के झालं, २०२३ मध्ये ७०. देशाचं अर्थखातं आणि घरचं अर्थखातं यांचं एकमत झालेला हा दुर्मीळ मुद्दा. त्या वर्षी शुल्क नसतं तर सहा हत्तींच्या किमतीत दहा हत्ती आले असते, हा हिशेब सरसेनापतींना झोपेतही पाठ आहे. वहिनींना तो अजून कळलेला नाही आणि कळू नये अशी व्यवस्था आहे.

वादात ते इतिहासाला साक्षीला बोलावतात. इजिप्तमध्ये असियूतला मेसेहती नावाच्या अधिकाऱ्याच्या थडग्यात सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या लाकडी पलटणी सापडल्या: ४० इजिप्शियन भालाईत, ४० न्यूबियन तिरंदाज, चार-चारच्या रांगांत, रंगवलेले, आणि ढालींवरचं नक्षीकाम एकासारखं दुसरं नाही. पुढे १९१३ मध्ये एच. जी. वेल्ससारख्या लेखकाने 'लिटल वॉर्स' हे पुस्तक लिहून दिवाणखान्यातल्या लढाईचे नियम छापले आणि खऱ्या युद्धापेक्षा हे युद्ध केव्हाही बरं, असं बजावलं. जगाने ते ऐकलं नाही. पुढच्याच वर्षी महायुद्ध पेटलं. हे सगळं सांगून झालं की वहिनी विचारतात, "मेसेहतीच्या बायकोला विचारलं होतं का कुणी?"

सरसेनापतींचा धर्मग्रंथ मात्र वेल्सचा नाही. तो आहे 'डीबीए', म्हणजे 'दे बेलिस अँटिक्विटाटिस', फिल बार्कर आणि रिचर्ड बॉडली स्कॉट यांनी १९९० मध्ये आणलेली प्राचीन युद्धांची नियमावली. तिची थोरवी अशी की कुठल्याही साम्राज्याचं सैन्य फक्त १२ तुकड्यांत बसतं आणि पंधरा मिलिमीटरच्या शिपायांना रणांगण लागतं दोन फूट बाय दोन फूट. बार्करसाहेबांनी सिडकोची घरं पाहिली असण्याची शक्यता नाही, पण वन-बीएचकेच्या टीपॉयवर अख्खी रोमन सत्ता मांडता येईल अशी सोय त्यांनी करून ठेवली, याबद्दल नवी मुंबईने त्यांचं ऋणी राहायला हवं. तक्रार एकच. नियमावलीतल्या सैन्यांच्या यादीत रोमनांचा एकेक कालखंड सुटा केला आहे. आपल्याकडे मात्र इसवी सनपूर्व ५०० ते इसवी सन ५४५ एवढा हजार वर्षांचा हिंदुस्थान एकाच नोंदीत कोंबला आहे. हे सांगताना सरसेनापतींचा आवाज चढतो. "मगधापासून गुप्तांपर्यंत एकच पान! चंद्रगुप्ताने सेल्युकसला पाचशे हत्ती दिले म्हणून इप्ससची लढाई तशी झाली, हे त्यांना ठाऊक आहे, तरी एकच पान!" समोरचा पाहुणा पोह्यांची ताटली हातात धरून मान डोलावतो. पाचशेच का, चारशे का नाही, असं विचारायची चूक त्याने करू नये. रात्रीची शेवटची लोकल चुकते.

सैन्य कुठलं, तर पोरसाचं. इसवी सनपूर्व ३२६, झेलमचा काठ, समोर अलेक्झांडर. ग्रीक इतिहासकार आरियनच्या हिशेबाने पोरसाकडे ३०,००० पायदळ, ४,००० घोडदळ, ३०० रथ आणि २०० हत्ती. आणि हत्ती एकमेकांपासून शंभर शंभर फुटांवर उभे. सरसेनापतींनी हे आकडे वाचले आणि गणित मांडलं: २०० हत्ती, शंभर फुटांचं अंतर, म्हणजे वीस हजार फूट, म्हणजे सहा किलोमीटर. वाशी स्टेशनापासून सानपाडा, जुईनगर ओलांडून नेरूळपर्यंत हत्तींची भिंत. तेव्हापासून हार्बर लाइनवर त्यांचा प्रवास वेगळाच होतो. बाकीचे लोक मोबाइलमध्ये, आणि हे दाराशी उभे राहून खांब मोजताहेत. आता ही सहा किलोमीटरची भिंत टीपॉयवर उतरवायची तर एकेका हत्तीला कित्येक हत्तींचं काम करावं लागतं. म्हणून तो हत्ती नीट रंगवणं भाग आहे, असा युक्तिवाद.

आणि इथेच खरी गोम आहे. पोरसाच्या सैन्याचे रंग कुणालाच ठाऊक नाहीत. रोमन शिपाई रंगवणाऱ्याला चित्रं आहेत, मोझेक आहेत, पुस्तकांचे ढीग आहेत. पोरसाच्या शिपायाची ढाल लाल की पिवळी, यावर पुरावा शून्य. ढाल न कमावलेल्या बैलाच्या कातड्याची आणि जवळजवळ माणसाइतकी उंच. धनुष्यही माणसाएवढं, जमिनीवर टेकवून डाव्या पायाने रेटून ओढायचं. तलवार रुंद आणि तीन हात लांब. एवढं आरियन सांगतो आणि त्यांच्या रंगाच्या बाबतीत गप्प बसतो. फक्त एका ठिकाणी त्याने सढळ हाताने रंग वाटले आहेत. अलेक्झांडरचा आरमारप्रमुख निआर्खस याच्या हवाल्याने तो लिहितो की हिंदी लोक दाढ्या रंगवतात: कुणाची पांढरीशुभ्र, कुणाची गडद निळी, कुणाची लाल, कुणाची जांभळी, तर कुणाची चक्क हिरवी.

ढाल, झेंडा, झूल, कशाचाच पत्ता नाही आणि पुरावा काय तो दाढीचा! दुसऱ्या कुणी हा तपशील सोडून दिला असता. सरसेनापतींनी आठ महिने फक्त दाढ्या रंगवल्या. दाढीची लांबी दोन मिलिमीटर. आधी काळा प्रायमर, मग गडद हिरवा, वर पातळ केलेल्या काळ्याचा वॉश, तो खाचांत उतरला की पोपटी रंगात ब्रश बुडवून, जवळजवळ सगळा रंग टिश्यूला पुसून, उरलेला नुसता केसांच्या उंचवट्यांवरून फिरवायचा. याला ड्रायब्रश म्हणतात. शेजारचे जोशीकाका भिंगातून ते पाहून म्हणाले, "व्वा. होळी आहे का?" त्यानंतर जोशीकाकांना चहा मिळतो, पण भिंग मिळत नाही.

ब्रश हाही एक अध्यायच. उत्तम टोकाचे ब्रश कोलिन्स्की नावाच्या सायबेरियन प्राण्याच्या शेपटीच्या केसांचे. आपल्याकडे पूर्वी मुंगसाच्या केसांचे मिळत. ते विकणं आणि बाळगणं वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. सरसेनापती कायदा पाळणारे. ते कृत्रिम केसांच्या तीन शून्यांच्या ब्रशवर भागवतात आणि टोक फुटलं की वहिनींच्या नेल-आर्टच्या संचातला एक ब्रश परत न करण्याच्या बोलीवर घेतात. बोली अर्थात एकतर्फी असते.

पुरावे गोळा करायला ते सहकुटुंब सहली काढतात. कुटुंबाला ते आधी ठाऊक नसतं. पावसाळ्यात सगळं पुणं-मुंबई भाजे लेण्यांखालच्या धबधब्यात भिजायला मळवलीला उतरतं. त्या गर्दीत एकच माणूस कोरडा, हातात मोजपट्टी, पायऱ्या चढून विहाराच्या व्हरांड्यात पोचलेला. तिथे दोन हजार वर्षांपूर्वीच्या शिल्पात चार घोड्यांचा रथ आहे आणि पलीकडे झाडं उपटणारा प्रचंड हत्ती. रथाचं चाक केवढं, रथात माणसं किती? राजा आणि दोन बाया, एकूण तीन. सरसेनापती खिन्न होतात, कारण रोमन लेखक कर्टिअस सांगतो की पोरसाच्या एकेका रथात सहा जण होते: दोन ढालवाले, दोन तिरंदाज, दोन सारथी. सहा जण त्या चिमुकल्या रथात बसवायचे तर तिघांना बाहेर लोंबकळावं लागेल. मुलगी म्हणाली, "बाबा, पनवेल लोकल." हा एकच तोडगा आजवर टिकला आहे.

रंगांसाठी ते अजिंठ्यालाही जाऊन आले. सतराव्या लेण्यात सिंहलाच्या स्वारीचं चित्र आहे, हत्ती, घोडे, ढाली, सगळं रंगीत. फक्त ते पोरसानंतर सुमारे आठशे वर्षांनी काढलेलं. "आठशे वर्षं म्हणजे काय फार नाही," असं सरसेनापती म्हणतात. हाच माणूस रोमन शिपायाच्या शिरस्त्राणात पन्नास वर्षांची चूक दिसली तर जेवण टाकून उठतो.

जून ते सप्टेंबर सरसेनापतींचं सैन्य छावणीत. नवी मुंबईच्या हवेत तेव्हा इतका ओलावा असतो की वार्निशचा स्प्रे मारला की रंगावर पांढरट थर धरतो आणि हिरवी दाढी, लाल दाढी, सगळ्या म्हाताऱ्या होतात. एका जुलैत अख्खी तिरंदाजांची तुकडी अशी एका रात्रीत वृद्धाश्रमात गेली. तेव्हापासून वार्निश फक्त दिवाळीनंतर. पावसाळ्याचे चार महिने वाया जाऊ नयेत म्हणून त्यांनी रेझिनचा थ्रीडी प्रिंटर आणला. शुल्क वाचलं, पण प्रिंटरमधून निघालेला हत्ती आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये धुवावा लागतो आणि त्याचा वास अकराव्या मजल्यावरून नवव्या मजल्यापर्यंत जातो. कमिटीच्या बैठकीत विषय निघाला. 'बी विंगेत रासायनिक प्रक्रिया' असं इतिवृत्तात लिहिलं गेलं. टीटीसीच्या औद्योगिक पट्ट्याशेजारी आयुष्य काढलेल्या माणसांनी एका हत्तीच्या आंघोळीवर तासभर चर्चा केली.

आता एवढं सैन्य उभं राहिल्यावर लढाई होते का? होते. वर्षातून एकदा, फार तर दोनदा. उरलेले दिवस सैन्य 'अजून तयार नाही'. प्रतिस्पर्धी ठाण्याचे, कायमचे अलेक्झांडर. मॅसिडोनियाची पलटण ते जेवणाच्या चार कप्प्यांच्या डब्यात, तळाला चुंबक चिकटवून आणतात. रविवारीच जमतं, आणि रविवारी मेगाब्लॉक. अलेक्झांडरने खरी झेलम वादळी पावसाच्या रात्री ओलांडली. ठाणेकरांचं सैन्य मेगाब्लॉकमुळे तुर्भ्याला पाऊण तास अडकतं आणि मग रिक्षाने येतं. उशीर झाल्याबद्दल ते भाड्याची पावती दाखवतात, जणू युद्धखर्च.

लढाईत दर पाळीला एक फासा टाकायचा. पडेल त्या आकड्याइतक्याच तुकड्या किंवा गट हलवता येतात. सहा पडले तर सेनापती, एक पडला तर प्रेक्षक. सरसेनापतींना एक पडतो. सारखा पडतो. मधले हत्ती पुढे निघतात, बाजूचं घोडदळ जागेवरच, आणि ठाणेकर आपले भालाफेके हत्तींवर सोडतात. नियमांत हत्तीला हलक्या पायदळाचं भय मोठं: त्यांच्याकडून हरला की तो मागे हटत नाही, थेट पटावरून उठतो. झेलमच्या काठीही अलेक्झांडरच्या हलक्या सैनिकांनी माहुतांनाच लक्ष्य केलं होतं, त्यामुळे तक्रारीला जागा नाही. चार तुकड्या गेल्या की लढाई संपली. तीन वर्षं रंगवलेलं सैन्य पन्नास मिनिटांत हरतं. ठाणेकर साबुदाण्याची खिचडी खातात आणि हिरव्या दाढ्यांचं मनापासून कौतुक करतात. सरसेनापतींचा चेहरा लगेच खुलतो. हरण्याचं दुःख त्यांना फारसं नसतंच. एका हत्तीचा सुळा ठाणेकरांच्या बाहीत अडकून मोडला, त्याचं असतं.

दिवाळीत त्यांची खरी परीक्षा. किल्ल्याची. पोरं म्हणतात, "काका, तुम्हाला सैन्याचं सगळं येतं ना, चला!" काका आधी टाळतात, "माझा काळ इसवी सन ५४५ ला संपतो रे." पोरं ऐकत नाहीत. गेल्या काही वर्षांत किल्ल्यांचा जोर वाढलाच आहे, आणि जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतल्यावर तर कुठल्याही सोसायटीला किल्ला चुकवणं शक्य राहिलेलं नाही. अध्यक्षांनी सुचवलं, आपला स्थानिक बेलापूरचा किल्ला करा, चिमाजी अप्पांनी १७३३ मध्ये घेतलेला. पोरांनी तो पाहिलेला होता. "त्यात बांधायला काय आहे?" म्हणून ठराव फेटाळला गेला आणि दरवर्षीप्रमाणे राजगड ठरला.

पोडियमवर माती नाही. ती नर्सरीतून पोत्याने विकत आणायची. विटा-दगड रचून त्यावर चिखलात बुडवलेलं गोणपाट, वर हळीव आणि मोहरी पेरलेली, पायथ्याशी हिरवा भुसा. इथवर सरसेनापती खूश; टेकडी घडवण्यात त्यांचा हात कोण धरणार? पण मावळे आले आणि घोटाळा झाला. बाजारातून आणलेले मावळे चार इंची, भालदार सहा इंची, तोफ दोन इंची, गुहेतला वाघ भालदारापेक्षा मोठा, एक बंदूकवाला जवान आणि कुणाच्या तरी घरून आलेला स्पायडरमॅन. आणि माथ्यावर सिंहासनासह महाराज: किल्ल्याच्या महाद्वाराच्या दुप्पट उंच. सरसेनापतींनी स्केल समजावून सांगितलं. खडूने जमिनीवर प्रमाण काढून दाखवलं. महाराज निदान अर्धे करा, अशी विनवणी केली. दुसरीतल्या एका मुलीने त्यांच्याकडे कमालीच्या दयेने पाहिलं. "काका, राजा मोठाच असतो."

सरसेनापती थोडा वेळ काही बोलले नाहीत, कारण आरियनने पोरसाची उंची पाच हातांहून जास्त, म्हणजे साडेसात फूट दिली आहे, आणि त्या आधारावर त्यांनी स्वतःच पोरस इतर शिपायांपेक्षा दीड पट मोठा रंगवला होता. महाराज तसेच राहिले. स्पायडरमॅन मात्र त्यांनी हट्टाने बुरुजाच्या मागच्या बाजूला नेला. तो पोरांनी रात्री परत पुढे आणला.

निवृत्तीनंतरचा बेत मोठा आहे. कुरुक्षेत्र. एका अक्षौहिणीत २१,८७० रथ, तेवढेच हत्ती, ६५,६१० घोडे, १,०९,३५० पायदळ; अशा अठरा. एकूण ३९,३६,६००. आठवड्याला दहा रंगवले तर साडेसात हजार वर्षं पुरतील. वहिनी म्हणतात, "पुरू देत. घराबाहेर तरी पडणार नाहीत." तूर्त सातवाहनांचं सैन्य घेतलंय. नाणेघाटातल्या गुहेत सातवाहन राजघराण्याचे पुतळे होते, वर नावं कोरलेली. पुतळे फुटून गेले, थोडेफार पाय तेवढे उरलेत. तिथे वाकून वाकून फोटो काढून आल्यावर ते समाधानाने म्हणाले, "पायांचा पुरावा मिळाला. आता वर चढत जायचं."

तेव्हा आसपास राहणाऱ्यांना एक विनंती. जुने टूथब्रश, लहान चुंबकं आणि गाळलेल्या चहाचा वाळवलेला चोथा कचऱ्यात टाकू नका. ब्रश रंगाला, चुंबकं तळाला आणि चोथा जमिनीला लागतो. बी विंगच्या वॉचमनकडे आणून द्या. कोणासाठी, ते तो विचारणार नाही.